दोन वर्षं चालला तरी पुरे

जिन्याच्या तोंडाशीच बसू थांबला.

"चल की," मी म्हटलं.

"तू हो पुढं. आलो मी."

बाहेर सोलापूरचं चैत्रातलं ऊन होतं, डांबर चपलेला चिकटावं असं. नवी पेठेतल्या त्या जुन्या इमारतीचा जिना मात्र अरुंद आणि काळोखा. थोडं वर चढून मी मागे पाहिलं, तर हा अजून तिथंच. एक हात भिंतीला लावून उभा. मग पाय चाचपत चढायला लागला. दिवसरात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, त्याने आलेली सुस्ती असणार, असं मला वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. तो नुसता हसला.

बसवराज माझा धाकटा भाऊ. तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी त्याच्याहून बरीच मोठी. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते, आणि अक्षय तृतीया झाली की माझं लग्न होतं. अक्कलकोटच्या आत्याच्या मुलाशी, चन्नवीरशी. आमच्यात अशा सोयरिकी नव्या नाहीत. आमची आईसुद्धा अप्पांच्या मामाचीच मुलगी. चन्नू मला लहानपणापासून माहीत होता, आणि नुसता माहीत होता असं नाही. त्याचा फोन आला की मी गच्चीवर जायची, आणि बसू खालून मुद्दाम मोठ्याने खोकायचा.

सासरी जाण्याआधी बसूला कॉम्प्युटर घेऊन द्यायचा हे मी कधीचं ठरवलं होतं. शाळेत असल्यापासून त्याला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहून बघत बसायचा. तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्यातला नव्हता, पण सुटे भाग घेऊन जुळवून घेतला तर जमेल, असं कुणीतरी सांगितलं होतं. गड्डमचं दुकान त्यासाठीच शोधलं होतं.

अंबादास गड्डम माझ्याच वयाचा असेल. दुकान म्हणजे एक लांब टेबल, छतापर्यंत रचलेली खोकी आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. त्याने आधी बजेट विचारलं. मी सांगितलं. तो थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला.

"बसतंय," तो म्हणाला. "पण ताई, ह्यात सगळं भारी येणार नाही. कुठंतरी हात आखडावा लागणार. आता हा प्रोसेसर बघा." त्याने एक छोटं खोकं माझ्यापुढे ठेवलं. "कॉम्प्युटरचा सगळा विचार हा करतो. आणि ते मागं ठेवलंय ते ग्राफिक्स कार्ड, ते चित्र काढतं. मी सगळ्यांना एकच सांगतो, आत्ता प्रोसेसर चांगला घ्या. ह्याच्यात कामापुरतं चित्र काढायची सोय आतच आहे. साधे गेम चालतात. पुढच्या वर्षी वेगळं कार्ड टाका. मग पाच-सहा वर्षं बघायला नको."

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला पटलंच होतं.

"मला हा नको," बसू म्हणाला. "तो चार कोअरचा आहे ना, सगळ्यात स्वस्तातला, तो द्या. आणि उरलेल्या पैशात जे सगळ्यात भारी कार्ड येईल ते."

अंबादासने त्याच्याकडे पाहिलं. "उलटं करायलास तू."

"माहितेय."

"अरे, असला प्रोसेसर दोन वर्षांत दमतो. नवे गेम आले की अडकायला लागेल. मग माझ्याकडं येऊन रडशील."

"दोन वर्षं चालला तरी पुरे," बसू म्हणाला.

हे इतकं सहज म्हणाला की मला राग आला. घेऊन देणारी मी, आणि ह्याला दोन वर्षांत टाकून द्यायचाय. "बसू, वस्तू घ्यायची ती टिकणारी घ्यावी," मी म्हटलं. "ते सांगतायत ते ऐक. पुढच्या वर्षी तुझं कार्ड मी देईन. अक्कलकोटहून पाठवीन."

"पुढच्या वर्षी नको अक्का. आत्ता."

"हट्ट करायला लहान आहेस का?"

त्याने होकाराला मान मात्र हलवली नाही.

अंबादासला भांडण नको होतं. त्याने विषय स्क्रीनकडे नेला. भिंतीवर लहान-मोठ्या स्क्रीन लावल्या होत्या. त्याने मोठीवर हात ठेवला. "एवढं भारी कार्ड घेणार असशील तर ही घे. मग चित्राची मजा."

"नको. ती कोपऱ्यातली लहान दाखवा."

"ही? ही तर बँकेतली लोकं घेतात." अंबादास हसायलाच लागला. "बिर्याणी करायची आणि बशीत वाढून घ्यायची, असं झालं की हे."

मीही हसले. बसू हसला नाही. "तीच पाहिजे," म्हणाला.

टेबलावर एक कॉम्प्युटर गिऱ्हाइकांना दाखवायला चालू ठेवलेला होता. अंबादासने त्यावर एक गेम लावला आणि बसूला बसवलं. म्हणाला, "खेळून बघ, मग ठरव." बसूने खुर्ची इतकी मागे ओढली की हात जेमतेम कीबोर्डला पुरत होते. स्क्रीनवर एक घोडेस्वार डोंगरातून चालला होता. कड्यावरून पाणी पडत होतं, त्याचे तुषार उन्हात दिसत होते. माझंही लक्ष गेलं त्याच्यावर. तेवढ्यात उजव्या कडेने कुणीतरी तलवार घेऊन आला.

"अरे उजवीकडं!" अंबादास ओरडला.

बसूला कळेपर्यंत घोडेस्वार खाली पडला होता. परत सुरू केलं. ह्या वेळी डावीकडून कुणी आला, आणि तेच झालं.

"झोपलायस का?" अंबादास म्हणाला.

"मला मारामारी खेळायचीच नाही," बसू म्हणाला. "फिरायचं आहे नुसतं."

खालून चहा आला होता. अंबादासने एक ग्लास बसूच्या कोपराशी ठेवला. "चहा घे," म्हणाला. बसूने हात काढला तो सरळ ग्लासावर. ग्लास आडवा झाला आणि चहा टेबलावरून कीबोर्डकडे निघाला.

"लक्ष कुठंय तुझं?" मी खेकसले.

तो दचकून उभा राहिला. खिशातला रुमाल काढला आणि घाईघाईने टेबल पुसायला लागला. पुसत होता ती जागा कोरडी होती. चहा त्याच्या हातापासून वीतभर बाजूला होता आणि तिथून खाली ठिबकत होता. तो कोरडं टेबल पुसत राहिला. अंबादासने फडकं आणलं, चहा टिपला, आणि माझ्याकडे पाहिलं.

मला ते पाहणं सहन झालं नाही. "आम्ही जरा खाली जाऊन येतो," मी म्हटलं.

जिना उतरताना बसूने माझा दंड धरला. घट्ट धरला. आम्ही रस्ता ओलांडून लिंबाच्या झाडाखालच्या सोडावाल्याकडे गेलो. त्याचं एक बाकडं होतं. त्यावर बसलो. दोन लिंबू सोडे सांगितले.

"आता बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"चहा दिसला नाही तुला."

त्याने सोड्याची बाटली दोन्ही हातांत धरली होती. "समोरचं दिसतं," तो म्हणाला. "समोरचं एकदम चांगलं दिसतं. ती समोरची पाटी वाचून दाखवू?"

"आणि बाजूचं?"

"बाजूचं नाही."

मी त्याच्या कानाजवळ हात नेला, तिथून हळूहळू पुढे आणला. तो समोर बघत होता. हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, "आता दिसला."

सोडावाला आमच्याकडे बघत होता. मी हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"माहीत नाही. रात्रीचं तर लहानपणापासूनच कमी दिसायचं. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं. दिवाळीनंतर अप्पांची स्कूटर घेऊन गेलो होतो ना, तेव्हा हातगाडीला धडकलो. गाडी बाजूनं आली, मला दिसलीच नाही. मित्र म्हणाला, डोळे दाखव. त्याच्याबरोबरच गेलो दवाखान्यात."

"आणि?"

"एक मशीन असतं. त्यात तोंड घालून बसायचं. आत बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ दिवाच लागेना. मी म्हटलं, मशीन बंद पडलं का? ती बाई म्हणाली, चालूच आहे, तुम्ही बघत राहा."

हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. दुसऱ्याच कुणाचं सांगत असावा तसा सांगत होता.

"डोळ्याच्या मागचा पडदा आहे तो सुकत चाललाय. कडेनं सुरू होतं आणि आत आत येतं. औषध नाही. मी विचारलं, किती वर्षं? तर डॉक्टर म्हणाले, कुणाचं म्हातारपणापर्यंत थोडं राहतं. पण तुझं फार लवकर चाललंय, काही सांगता येत नाही. परत गेलो तेव्हा आणखी कमी झालं होतं."

मला आठवलं, त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला तो आला नव्हता. शोभेचं दारूकाम बघायला सगळं सोलापूर लोटतं, आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी तयार होणारा हा घरी बसला होता. अभ्यास आहे म्हणाला होता. आई त्याचं कौतुक करत होती.

"म्हणून लहान स्क्रीन," मी म्हटलं.

"मोठी घेतली तर तुकड्या-तुकड्यानं बघावी लागते. लहान असली आणि लांब बसलो की अख्खं चित्र एकदम मावतं." तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. पूर्ण मान वळवून. "मला बर्फ बघायचाय अक्का. समुद्र बघायचाय. आता खरा कुठं जाऊन बघू? पुढच्या वर्षी कार्ड टाकून मी काय करू, सांग."

माझा सोडा तसाच हातात राहिला.

मी विचारलं, "घरी का नाही सांगितलंस?"

"तुझं लग्न होऊन जाऊ दे म्हटलं. मग सांगणार होतो."

"माझ्या लग्नाचा काय संबंध?"

त्याने बाटली बाकड्यावर ठेवली. मी परत विचारलं.

"डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, आईबाप दोघांच्या रक्तात दोष असला तर हे पोरांत उतरतं, नात्यात तसं जास्त होतं. घरात आणखी कुणाचं नात्यात लग्न ठरत असेल तर आधी दोघांची तपासणी करा."

लिंबाच्या सावलीत बसूनही मला झळ लागायला लागली.

"आणि तू गप्प बसलास?"

"आत्याला कळलं असतं तर तिनं मोडलं असतं." त्याने मान खाली घातली. "तुला चन्नू आवडतो."

"आणि मला पोरं झाली असती, ती?"

"होतंच असं नाही. डॉक्टर म्हणाले, होतंच असं नाही."

तो एकोणीस वर्षांचा होता. मी त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्याच्याने झालं नाही. इतके महिने हा एकटा हे घेऊन फिरत होता. माझ्या साड्यांच्या खरेदीला आला होता, पिशव्या धरून चालला होता, आणि मध्येच कशाला तरी अडखळला की आम्ही सगळे हसत होतो.

त्याला बाकड्यावर बसवून मी एकटी वर गेले.

"काय ठरलं ताई?" अंबादासने विचारलं. "मी सांगतो, प्रोसेसर—"

"तो म्हणतोय तसाच द्या," मी म्हटलं. "प्रोसेसर लहान. स्क्रीन लहान. कार्ड तुमच्याकडे असेल ते सगळ्यात चांगलं."

तो लगेच खोकी काढायला लागला, आणि जोडून, चालू करून, सामान त्याने स्वतः खाली रिक्षापर्यंत आणून दिलं.

चन्नूला मी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. तो सुट्टी काढून आला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आम्ही बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो पाण्याकडे बघत ऐकत होता.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं," तो म्हणाला.

"म्हणूनच बोलले."

"दोघं तपासून घेऊ. काही नसेलही."

"असलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू." त्याने माझा हात हातात घेतला. "आईला मात्र आत्ता नको सांगू. मी बघतो कसं सांगायचं ते."

त्याने कसं सांगितलं मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी आत्याचा अप्पांना फोन आला. मी शेजारीच उभी होते, आवाज बाहेर ऐकू येत होता. आमच्या घरात आजवर कुणी आंधळं झालं नाही, ती म्हणत होती. हे तुझ्या बायकोच्या माहेराकडून आलं असणार. माझा मुलगा काही दवाखान्यात जाऊन रक्त देणार नाही. आईचं माहेर म्हणजे आत्याचं स्वतःचं आजोळ, हे त्या वेळी ना तिला आठवलं, ना अप्पांना.

अप्पांनी फोन ठेवला. बसूला हाक मारली. तो आतून आला, दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

"किती दिसतं रे तुला?" अप्पांनी विचारलं.

बसूने दोन्ही हातांच्या मुठींची नळी केली आणि डोळ्यांना लावली. अप्पा मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

आई मात्र माझ्यावर उलटली. रडत रडत म्हणाली, "त्याचं जायचं ते जाणारच होतं. तू गप्प बसली असतीस तर एकाचं तरी झालं असतं."

बसू आत होता. त्याने ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

चन्नूने आणखी एकदोनदा फोन केले. आई ऐकत नाही म्हणाला. मी म्हटलं, तू तपासून घे, निदान आपल्याला कळेल. तो बरं म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. वैशाखात ज्या दिवशी लग्न व्हायचं होतं त्या दिवशी मी लॅबमध्ये कामावर गेले. सगळ्यांनी माझ्याशी फार गोड बोलायचं ठरवलेलं दिसत होतं.

पुढचे दोन उन्हाळे-पावसाळे बसूने भरपूर पाहून घेतलं. कॉलेजातून आला की खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढून बसायचा. मी कामावरून आले की मला हाक मारायचा. "अक्का, हे बघ." बर्फावर उमटत जाणारी पावलं दाखवली. जहाज दाखवलं. एका जंगलात संध्याकाळ व्हायची, तिथं घोडा उभा करून ठेवायचा आणि ऊन झाडांवरून उतरेपर्यंत काही करायचा नाही. मी शेजारी बसायची. आम्ही लग्नाबद्दल कधी बोललो नाही. एकदाच तो म्हणाला, "मी तुला सांगायलाच नको होतं." मी म्हटलं, "घोडा पुढं घे."

अंबादास म्हणाला होता तसा तो प्रोसेसर काही दमला नाही. कधी अडकला नाही. बसूच खुर्ची पुढे-मागे करायला लागला. मग स्क्रीनवरचा उजेड पूर्ण वाढवायला लागला. मग एका दुपारी मी आले तर कॉम्प्युटर बंद होता आणि तो त्याच्यासमोर बसून होता. मी का म्हणून विचारलं नाही. परीक्षेचे पेपर त्याने लेखनिक घेऊन दिले आणि पास झाला. आता तो बँकेत आहे. कॉम्प्युटर वाचून दाखवतो आणि तो ऐकून काम करतो. उजेड आणि अंधार एवढं त्याला कळतं.

माझी तपासणी पुढे झाली. तो दोष माझ्या रक्तात आहे. मला त्याचा त्रास नाही, पण तो मी पुढे देऊ शकते. स्थळं आली तेव्हा मी प्रत्येकाला चहाच्या आधीच हे सांगत गेले. मग स्थळं येईनाशी झाली.

चन्नूचं लग्न कलबुर्गीकडच्या मुलीशी झालं, नात्याबाहेरच्या. गेल्या वर्षी त्याच्या मुलाचं बारसं होतं. आत्याने अप्पांना स्वतः बोलावलं होतं. अप्पांना जाववलं नाही, त्यांनी आम्हा दोघांना पाठवलं.

अक्कलकोटचं ते घर माणसांनी भरलं होतं. पाळण्याला फुगे बांधले होते. बायका गात होत्या, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. माझ्याशी सगळे नीट बोलले. चन्नूने लांबून हात जोडले. त्याची बायको चांगली वाटली. तिनेच मला पाळण्याजवळ नेलं आणि मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

बारसं लांबल्यामुळे चार महिन्यांचा झालेला मुलगा जागा होता. मोठाले डोळे, काजळ घातलेले. माझ्याकडे बघत होता. ह्या आजाराचं असं तान्हेपणी काही कळत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आई-बापात नातं नाही, तेव्हा भीतीही फारशी नव्हती. तरी माझा हात वर गेला. मनगटातली बांगडी त्याच्या कानाजवळ नेली आणि हळूहळू पुढे आणली. त्याने लगेच मान वळवली. मग दुसऱ्या बाजूने नेली. तिकडेही वळवली.

मी परत हात नेला तेव्हा आत्याने माझं मनगट धरलं.

"काय करतेस?" ती हळू आवाजात म्हणाली. "लेकराला दृष्ट लावतेस?"

मी हात सोडवून घेतला. तिने मुलाला उचललं, पदराखाली घेतलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. गाणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या आणि पुन्हा गायला लागल्या. रिकामा पाळणा हलत राहिला.

बसू भिंतीपाशी खुर्चीवर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"काय म्हणाली आत्या?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"पोरगं बघितलंस?"

"बघितलं. चांगलं आहे. डोळे मोठे आहेत."

 मग त्याने आवाज आणखी खाली आणला.

"बाजूचं दिसतं त्याला?"

"दिसतं," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंचं."

"बरं झालं," बसू म्हणाला.